मामांचं माप

आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मामांच्या तब्येतीचं माप मी डॉक्टरांना खोटं दिलं.

भोसरीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये मामा तयार नग तपासायला होते, मी त्यांच्या हाताखाली. मूळचे चिखलीचे. विश्वास कुणावरच नाही. मशीनवर नाही, माणसावर नाही, स्वतःच्या चष्म्यावरही नाही. चहावाला 'बिनसाखरेचा' म्हणाला तरी आधी बोट बुडवून चाखत. मी माप सांगितलं, की ठरलेलं उत्तर, "परत मोज. दुसऱ्याच्या मापावर आपन सही करत न्हाई."

नापास नग लाल पेटीत टाकताना मात्र त्यांचा हात जड व्हायचा. "टाकायला काय लागतंय राव? घडवनाऱ्याला इचार."

निवृत्तीनंतर फुप्फुसाचा कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. मूलबाळ नाही. मामींना दवाखान्याची भीती, म्हणून मी सोबत जायचो. केमो झेपणार नव्हती. डॉक्टर मॅडमनी इम्युनोथेरपीचा विषय काढला.

"ग्यारंटी कोन देतं?" मामांनी विचारलंच.

"कुणीच नाही, बाबा. तुमच्याच प्रतिकारशक्तीला आजाराशी लढायला लावायचं. पण हे औषध तपासलं गेलं ते बहुतेक हिंडत्या-फिरत्या पेशंटवर. फार अशक्त माणसाला कितपत लागू पडेल, सांगता येत नाही. कधी तीच शक्ती फुप्फुसावर उलटते." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दिवसातला किती वेळ पडून असतात?"

"पडून? छे! जिना चढतात. आज रिक्षाच्या धक्क्यांनी दमलेत."

खरं तर संडासापर्यंत जायलाही मामींचा खांदा लागायचा. पण मला समोर लाल पेटी दिसत होती.

मॅडमना शंका आली असावी. "खरं का, बाबा?"

मामांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मान डोलावली.

बाहेर आल्यावर म्हणाले, "न मोजताच पास केलंस व्हय रे?" रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या डोसनंतर धाप वाढली. तिसरा झालाच नाही. आजाराने गेले की औषधाने, हे मॅडमनाही छातीठोकपणे सांगता आलं नाही. आता संशयी मी झालोय. मामांनी मान डोलावली ती जगायच्या आशेने, की मी खोटा पडू नये म्हणून?

मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "ह्याच्यामुळं त्यांना औषध तरी मिळालं." मी चहाच्या कपात बघत बसतो.

मामींना खरं माप सांगायचं अजून माझ्याकडून बाकी आहे.