गुड फ्रायडेची पेज

मला पाचारण आलंय की नाही, हे ईस्टरपर्यंत सांगायचं होतं. पाचारण म्हणजे सिस्टर किंवा फादर होण्यासाठी आलेली देवाची हाक. आमच्या चर्चमध्ये हा शब्द इतका सर्रास वापरतात, की ही हाक प्रत्येकाला खणखणीत ऐकू येत असणार असं मला लहानपणापासून वाटायचं. मला मात्र ऐकू असं काहीच आलं नव्हतं. अंधेरीच्या एका ऑफिसात बरी नोकरी होती आणि तरी आजारी माणसांजवळ जाऊन राहावं असं सारखं आतून टोचत होतं. आमच्या फादरांनी ते ऐकून घेतलं. आरे कॉलनीच्या कडेला सिस्टरांचं एक घर आहे, तिथे काही महिने राहून बघ, म्हणाले. ज्यांचा आजार बरा होणार नाही आणि घरी बघायला कुणी नाही, अशा बायका तिथे असतात.

"जिथे मन निवतं तिथे देव असतो, तेवढं बघ," हे त्यांनी मी निघताना सांगितलं.

आमचं घर गावठाणात, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांच्या जुन्या वस्तीत. घरात मी आणि आई, दोघीच. मी बॅग भरत होते तेव्हा आई दारात उभी राहून म्हणाली, "देवानं बोलवलं त जा. मना काय? पन नीट आयक. शेजारणीला हाक मारली असंल." एवढं बोलून ती मसाल्याची बाटली आणायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी सिस्टर झाले तर ती उरलेलं आयुष्य एकटी काढणार, हे आम्ही दोघी जाणून होतो.

सिस्टरांच्या घरी माझं मन कुठेच निवेना. तिथल्या प्रार्थनेच्या खोलीत, चॅपलमध्ये, बसले की डुलक्या यायच्या, आणि वॉर्डात गेले की डोकं फिरायचं. माझ्याच वयाची एक सिस्टर पाठीच्या जखमा इतक्या शांत चेहऱ्याने धुवायची, की तिच्याकडे बघूनच मला चीड यायची. मी श्वास रोखून धुवायचे आणि वर पेशंटला दोन शब्द सुनवायचे. 'हल, सरक, किती वेळा सांगू?' अशा बाईला देव कशाला बोलावेल? ईस्टरआधीचा उपवासकाळ संपत आला तसं मला रात्री झोप लागेनाशी झाली. हो म्हणाले तर खोटं ठरेल आणि नाही म्हणाले तर पळपुटेपणा, असं दोन्हीकडून अडकले होते.

माझं सगळ्यात जास्त वाजायचं ते सावंतवाडीकडच्या एका आजीशी. नवरा गिरणीत होता, तो गेला, मागे कुणी राहिलं नाही, आणि हिच्या पोटात कॅन्सर. धर्माने हिंदू, पण चॅपलच्या भिंतीला लागूनच तिची खाट होती, त्यामुळे आमच्या सगळ्या प्रार्थना तिला पाठ झाल्या होत्या. मी एखादी ओळ चुकले तर ती पलीकडून खोकायची. गेल्या काही दिवसांत मात्र तिने खाणंच सोडलं होतं. चमचा तोंडाजवळ नेला की मान फिरवायची. डॉक्टर म्हणाले, जबरदस्ती करू नका.

पवित्र आठवड्यात गुरुवारच्या संध्याकाळपासून शनिवारच्या मिस्सापर्यंत, म्हणजे ईस्टरच्या रात्रीच्या उपासनेपर्यंत, आमच्याकडे घंटा वाजवत नाहीत. प्रभूच्या दुःखाचे दिवस, म्हणून लाकडाची खटखटी वाजवतात. ती वाजली की गुडघे टेकायचे. चॅपल सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या सिस्टर या बाबतीत फार कडक. त्या वर्षी त्यांनी चॅपलमधली घंटा कपाटात ठेवलीच, आणि त्याच झपाट्यात वॉर्डात जाऊन कुणाला बोलवायचं झालं तर वाजवायला पेशंटच्या उशाशी ठेवलेल्या पितळी घंट्याही ओच्यात गोळा करून आणल्या. आम्ही बाकीच्या चॅपल आवरण्यात गुंतलेल्या, त्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

शुक्रवारी दुपारी तीनची प्रार्थना सुरू झाली. वॉर्डात एक मदतनीस बसवली होती, ती नेमकी कुणाच्या तरी चादरी भिजवायला न्हाणीकडे गेली. क्रूसाचं चुंबन घ्यायला आम्ही ओळीत उभ्या होतो. चॅपल अगदी शांत होतं. तेवढ्यात खट् खट् खट् असा आवाज आला आणि घराच्या प्रमुख मदर, त्यांच्यासकट सगळ्या सिस्टर एकदम गुडघ्यावर गेल्या.

मी गेले नाही. तो आवाज रागावलेला होता. मला जेवायला यायला उशीर झाला की माझी आई अशीच पाटावर उलथनं आपटते. काय करते आहे हे कळायच्या आत मी ओळ सोडून वॉर्डात पोचले होते.

आजी हातातली काठी उशाजवळच्या लाकडी कपाटावर आपटत होती. स्वयंपाकघरातून उकड्या तांदळाच्या पेजेचा वास येत होता. दिवसभराच्या उपवासानंतर आम्ही सगळ्याजणी तीच खाणार होतो.

"माका पेज होयी," ती म्हणाली.

"आत्ता? आजी, आज आमचा देव मेला, तिकडे प्रार्थना चालू आहे, आणि तुला आत्ता पेज पाहिजे?"

"तुझो देव परवा उठतलो," ती म्हणाली. "माझो काय भरवसो?"

गुड फ्रायडेला तीन वाजता मी खो खो हसले. ती पण हसली, आणि हसताना तिला दुखलं. मी पेज आणली. मीठ कमी आहे म्हणून तिने माझी आई काढली, मग मी मीठ आणलं. अर्धी वाटी खायला तिला पाऊण तास लागला. भिंतीपलीकडची प्रार्थना कधी संपली ते मला कळलं नाही. मान वर केली तेव्हा दारात मदर उभ्या होत्या.

संध्याकाळी त्यांनी मला खोलीत बोलावलं. मी आधीच सांगून टाकलं, मदर, मला पाचारण नाही.

"असं कोण म्हणालं?" त्या म्हणाल्या. "आम्ही सगळ्यांनी गुडघे टेकले, धावलीस तू एकटी. पण तू सिस्टर होऊ नकोस, बाई. चॅपलमध्ये पेंगतेस, मी रोज बघते. आणि आज्ञापालनाचं व्रत घेतलंस तर आठ दिवसांत माझ्याशी भांडशील. मला वॉर्डात माणूस हवंय. सकाळी ये, संध्याकाळी घरी जा, आणि तिथे आईशी भांड."

माझ्या छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला. मी तिथेच रडले, आणि ते रडणं निव्वळ सुटकेचं होतं. आईला फोन केला तर ती एवढंच म्हणाली, "मंग येताना मसाल्याची बाटली घेऊन ये." पण फोन ठेवायचं तिलाही सुचेना.

शनिवारी संध्याकाळी मिस्साच्या आधी मी स्वतः पितळी घंट्या परत उशांशी ठेवल्या. मिस्सात गौरवगीत सुरू झालं आणि चॅपलची घंटा जोरात वाजायला लागली, तशी वॉर्डातूनही एकेक घंटी वाजायला लागली. थोड्या वेळाने चॅपलची घंटा थांबली, वॉर्डातल्याही थांबल्या. भिंतीला लागूनची तेवढी एक थांबेना.

मी उठले. शेजारच्या सिस्टरने मान न वळवता गुडघे आवरून मला वाट दिली.