वनिताचा बिनस्लाईडचा पाठ

मित्रहो, आज बी.एड.च्या शैक्षणिक तंत्रज्ञानाचे व्हिडिओ-पाठ तपासत होतो. विषय होता 'गावाचा नकाशा'. वनिता या विद्यार्थिनीने एकही स्लाईड केली नव्हती. गोसीखुर्द धरणाच्या काठावर उभी राहून ती नुसतं पाण्याकडे बोट दाखवत होती, "इथं शाळा होती. तिच्या मांगं आमचं घर."

दृश्य साधनांपुढे मी शून्य लिहिलं आणि तिला बोलावलं.

"स्लाईड काहून नाही केल्या?"

"सर, गाव बुडालं तवा मी लहान होती. एक बी फोटो नाही आमच्यापाशी."

व्हिडिओ पुन्हा लावला. या वेळी तिच्या बोटासरशी त्या निळ्या पाण्यात मलाही गल्ली दिसली, कौलं दिसली. शून्य खोडून दहापैकी दहा दिले.

तुमच्याही मनात असं एखादं गाव आहे का, ज्याचा फोटो कुठेच नाही?