जबड्याचे स्क्रू आणि मिठाची बरणी

२०२३ साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. मीरा रोडच्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर माझा सीटी स्कॅन दाखवला आणि म्हणाल्या, "काका, कॉन्डाइल फ्रॅक्चर आहे."

कॉन्डाइल म्हणजे जबड्याच्या सांध्यातलं हाडाचं डोकं. कानाच्या पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा. बोटाखाली हलतं, तेच. माझं उजवीकडचं मोडलं होतं. शेवग्यावरून पडलो आणि हनुवटी कुंपणाच्या भिंतीवर आपटली. शेवग्याची फांदी ठिसूळ, हे आमच्या राई गावात शेंबड्या पोरालाही कळतं. मलाही कळत होतं. पण मला चढू नका म्हटलं की मी चढतो.

तोंड जेमतेम बोटभर उघडायचं, तेही वाकडं. दातावर दात बसेना. बायको पेजेचा वाडगा पुढे करायची, मी भाकरीच्या टोपलीकडे बघत बसायचो.

बाई म्हणाल्या, हाड स्क्रूने जोडू. मी म्हटलं, तोंडात लोखंड घालणार नाही.

मी चौथी शिकलेला, पण जन्म मिठागरात गेला. खाऱ्या पाण्याने खाल्लेले खिळे, बिजागऱ्या या डोळ्यांनी बघितल्यात. मीठ ओढायला म्हणून तर आम्ही लाकडाची फळी वापरायचो. आणि माणसाचं रक्त खारट, लाळही खारट.

"लोखंड नाही काका, टायटॅनियम. गंजत नाही. आयुष्यभर आत राहिला तरी बहुतेकांना त्रास होत नाही."

"आणि तो विरघळणारा? पुतण्या सांगत होता."

"तोही आहे. एका जातीच्या प्लास्टिकचा. हाड जुळल्यावर हळूहळू विरतो, काढावा लागत नाही. मॅग्नेशियमचेही निघालेत, तेही विरतात, पण विरताना वायू सुटतो. ते नवीन आहेत, माझ्याकडे नाहीत."

मी म्हटलं, दोन्ही नमुने द्या, मी बघतो आणि सांगतो. बाई हसल्या. "सूज उतरेपर्यंत तसंही थांबायचंय. तोवर बघा. पण त्यापुढे हट्ट नको. हाड वाकडं जुळलं तर तोंड कायमचं वाकडं उघडेल."

घरी येऊन लोणच्याच्या बरणीत कडक मिठाचं पाणी केलं. त्यात दोन्ही स्क्रू टाकले, सोबत एक लोखंडी खिळा. बरणी ओट्यावर उन्हात. रोज सकाळी जाऊन बघायचो.

बायको म्हणाली, "मीठ पिकवून म्हातारं झालाव, आता इस्क्रू पिकवताव का? जबडा मोडला, अक्कल पन मोडली का?"

हसू आलं की जबडा दुखायचा. ती मुद्दाम हसवायची.

सूज उतरली तोवर खिळा लाल झाला. टायटॅनियम चकचकीत. आणि विरघळणारा होता तसाच. मी बरणी पिशवीत घालून हॉस्पिटलात नेली. ओळीत बसलेले सगळे बघत होते.

"बाई, हा विरतच नाही. खोटा हाय."

"काका, त्याला वर्ष-दोन वर्षं लागतात." मग त्यांनी माझंच बोट माझ्या कानापुढे ठेवलं. "आता बोला."

बोललो. प्रत्येक शब्दाला बोटाखाली हललं, आणि कळ आली.

"बरणीत जबडा हलत नाही," त्या म्हणाल्या. "तुमचा दिवसभर हलणार. विरणारा स्क्रू धातूपेक्षा नाजूक, चावताना तुटू शकतो. कुणाला तो योग्य असतो. तुम्हाला भाकरी चावायचीय ना?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी बरणीचं झाकण लावलं आणि ऑपरेशनच्या कागदावर सही केली. टायटॅनियम.

ऑपरेशन नीट झालं. मग मऊ खाणं, आणि आरशासमोर तोंड उघडायचा व्यायाम. रडलो नाही, पण शिव्या दिल्या. ज्यांचा जबडा मोडलाय त्यांना सांगतो, व्यायाम चुकवू नका. आणि डॉक्टरला खुशाल विचारा, हाच स्क्रू का, दुसरा का नको. चांगला डॉक्टर रागावत नाही.

शेवटच्या तपासणीला बाईंनी माझी तीन बोटं माझ्याच तोंडात उभी घालायला लावली. बसली. तोंडही सरळ उघडलं.

"आता काय खाऊ?"

"काहीही खा. झाडावर चढू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात गेलो. शेवग्याकडे बघितलं. मग आकडी लावलेली लांब काठी आणली आणि खाली उभा राहून शेंगा काढल्या. बायकोने सुकट घालून रस्सा केला, तांदळाची भाकरी थापली. मी उजव्या बाजूनेच चावत बसलो, एकेक शेंग, चोथ्याचा ढीग ताटाबाहेर जाईपर्यंत.