एकही नोंद गाळू नकोस

ऑफिसात तिला सगळे सूचनाबाई म्हणत. प्रोग्रॅम लिहून देणाऱ्या एआयला कामाआधी सूचनांची एक फाईल वाचायला देतात. ती हिच्यासारखी लिहायला कुणालाच जमत नसे. तीच फाईल मग सगळे आपापल्या कामाला जोडत. तिच्यातली पहिली ओळ होती, ‘एकही नोंद गाळू नकोस.’ एकदा त्या शहाण्या एआयने गिऱ्हाइकाची जुनी यादी उडवली होती आणि बोलणी खाल्ली होती हिने. दुधाने तोंड पोळलेली बाई, ताकही फुंकून प्यायची!

त्या शुक्रवारी ती आईकडे गेली, तर आई बाबांचा मोबाईल घेऊन धुसफुसत होती.

“वाच! दवाखान्यातून बाबांना मेसेज. ‘उद्या दहा वाजता तपासणीला या.’ चार महिने झाले, दर महिन्याला हेच. माणूस जाऊन वर्ष होत आलं, यांना लाज कशी वाटत नाही?”

लेकीने मेसेजखालचं दवाखान्याचं नाव वाचलं. त्या दवाखान्याचं काम चार महिन्यांपूर्वी तिच्याच ऑफिसने केलं होतं, आणि फाईल हिचीच जोडली होती.

मग कसला चहा नि कसलं काय! बसली, उठली, खिडकीशी गेली, परत बसली.

“मुंग्या चावतायत का गं तुला?” आई म्हणाली.

शेवटी तिने लॅपटॉप उघडलाच. बिचाऱ्या एआयने सांगितलं तेच केलं होतं. निरोपांच्या यादीतून गेलेल्यांचीही नावं गाळली नव्हती. हिने नुसता हुकूम सोडला होता, तो का, ते लिहिलंच नव्हतं. तिने ओळ बदलली: ‘नोंद पुसू नकोस, ती परत मिळत नाही. निरोप मात्र हयात माणसांनाच पाठव.’ दवाखान्याचं काम बघणाऱ्या सहकाऱ्यालाही कळवलं. गप्प बसली असती तर आईला पत्ता लागला नसता. पण जीव थाऱ्यावर येईना.

“आई, ती चूक माझी होती,” म्हणत तिने सगळं सांगून टाकलं.

“म्हणजे त्यांना बोलावत होतीस ती तू?”

“हो.” आता तोफ सुटणार म्हणून तिने मान खाली घातली.

“पुढच्या महिन्यापासून मेसेज नाही ना येणार?”

“नाही येणार.”

आईने मोबाईलवर तो मेसेज पुन्हा उघडला.

“हा एवढा पुसू नकोस हं,” ती म्हणाली. “त्यांच्या नावाने आता दुसरं काय यायचंय?”

आणि तिने मोबाईल नेहमीसारखा चार्जिंगला लावला.