चार नंबरची नळी

कल्याणला माझं डिझेल पंप कॅलिब्रेट करण्याचं छोटं वर्कशॉप आहे. पंप टेस्ट बेंचवर चढवून फिरवायचा आणि प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याचं तेल समोरच्या काचेच्या नळीत किती पडतं ते वाचायचं. सगळ्या नळ्यांत सारखं आलं की मी पंपाला तार घालून शिशाचं सील मारतो. त्या सीलबद्दल कधी तक्रार आली नव्हती.

खडवलीच्या बाजूचे एक डंपरमालक आले. गाडी स्वतःच चालवायचे. भरलेला डंपर चढावर दम सोडतो म्हणून पंपातले तेल ढकलणारे एलिमेंट मोठे बसवून पंपाचं तेल वाढवून हवं होतं. शंभर स्ट्रोकला साडेसात सीसी होते, ते मी साडेनऊ केले. सहाही नळ्यांत साडेनऊ. वहीत लिहिलं, सील मारलं.

दुसऱ्या दिवशी ते परत हजर. "शेठ, इंजिन थरथरतंय. चार नंबर जास्त पितोय."

"कशावरून?"

"पाइपाला बोट लावून. चार नंबरचा ठोका जोरात लागतो."

मी पंप उतरवून पुन्हा बेंचवर चढवला. सहाही साडेनऊ. "हे बघा आकडे."

"आकडे बरोबरच असतील. पण मला डंपर चालवायचाय, तुमचा बेंच नाही. परवा सकाळी खडीच्या कामावर लागला नाही, तर माझ्या जागी दुसऱ्याचा लागेल."

मी नॉझल तपासले, बेंचचे पाइप तपासले. काही सापडेना. शेवटी त्यांच्या सांगण्यावरून चार नंबर कमी केला. बेंचवर तो नऊ पूर्णांक एक दाखवू लागला. पंप गाडीला लावला, तर थरथर गेली.

"आता सील मारा."

हात धजेना. नऊ पूर्णांक एकवर सील कसं मारायचं? त्यांना थांबवून मी मेडिकलमधून दहा सीसीच्या दोन सिरिंज आणल्या. प्रत्येक नळीत मोजून दहा सीसी तेल सोडलं. पाच नळ्यांत दहा, चौथीत नऊ पूर्णांक सहा. दुसऱ्या सिरिंजनेही तेच.

मग आठवलं, ती नळी मध्यंतरी फुटली होती. मीच नवी बसवली होती, त्याच मापाची समजून. मी बेंचच्या तेलाचं तापमानसुद्धा लिहून ठेवणारा माणूस. नळी बदलल्याची नोंद मात्र वहीत कुठेच नाही. पावसाळ्याआधी बदलली की नंतर, तेही आठवेना.

मी सील मारलं. वहीत लिहिलं: चार नंबर, नळीत ९.१, खरे ९.५.

"माझं बोटही लिहा त्यात," ते म्हणाले आणि गेले.

डंपर वेळेवर कामाला लागला. मी अलीकडे पंप नेलेल्यांना एकेक फोन लावायला बसलो. पहिलेच गृहस्थ म्हणाले, "इतकी मस्त गाडी कधी चालली नव्हती. हात लावू नका."

वहीत त्यांच्या चार नंबरसमोर माझ्याच अक्षरात साडेसात लिहिलंय; नळी तेव्हा बदललेली असेल, तर खरे सात पूर्णांक आठ. तो आकडा खोडू की ठेवू, ते अजून ठरत नाही.