आईंचा बुधवारचा बाजार

आम्हा अमेरिकेतल्या सनीव्हेलकरांचं एक बरं असतं. सुट्टीहून परतलं, की फोटोंचा रोल धुऊन यायच्या आधीच शनिवारच्या पॉटलकच्या पंगतीत किस्से वाढलेले असतात! आमच्या फ्रान्सच्या ट्रिपचे तर इतके साचलेत, की अजून फर्माईश होते, "वहिनी, तो आईंचा सांगा ना!"

*

आई म्हणजे माझ्या सासूबाई, साताऱ्याच्या. मामंजी गेल्यावर श्रीकांतने त्यांना कायमचं इकडे आणलं. पहिल्याच आठवड्यात सुपरमार्केटमध्ये त्यांनी भेंडी कोवळी आहे का बघायला शेंडे मोडायला घेतले. कट, कट, कट! तिथला माणूस धावत आला, "मॅम, प्लीज!"

आई ओशाळल्या. तेव्हापासून बाजारात येणं बंद आणि बोलणंही बंद. "हं" आणि "नको", बस्स. मग एक दिवस अख्खं वाक्य बोलल्या, "शिऱ्या, मला परत पाठव."

साताऱ्याच्या बंद घरात, एकटीने राहायला! श्रीकांतची झोपच उडाली. "आधी सुट्टीत फिरवून आणू, मग बघू," मी म्हटलं.

*

फ्रान्समधल्या एका खेड्यात बुधवारचा बाजार भरला होता. मी महिनाभर कारमध्ये कॅसेट लावून फ्रेंच शिकले होते. ऐटीत एका बाईंना विचारलं, पीच कुठे मिळतील? न अडखळता!

बाई म्हणाल्या, "सॉरी हनी, आय ॲम फ्रॉम ओहायो."

*

श्रीकांतने हौसेने तिथलं खास मुरलेलं चीज घेऊन कारमध्ये ठेवलं. थोड्या वेळाने स्वेटर काढायला दार उघडलं, तर आमची सहा वर्षांची ऋजुता नाक धरून ओरडली, "बाबा, पुट युवर शूज बॅक ऑन!"

*

आई मुकाट मागून चालत होत्या. नऊवारी, वर स्वेटर, पायात स्नीकर्स. एका ठेल्यावर त्यांनी टोमॅटो उचलून दाबला मात्र, पलीकडच्या पांढऱ्या केसांच्या आजीबाईंनी फटकन हातावर चापटी मारली! तिकडे म्हणे मालाला गिऱ्हाइकाने हात लावायचा नसतो, विकणाराच निवडून देतो.

झालं! आता उरलेलं "हं"सुद्धा जाणार!

आईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "अगं बाई, दाबल्याशिवाय कळणार कसं?" शुद्ध मराठीत! ती फ्रेंचमध्ये कडाडली. आईंनी पदर खोचला.

"यार, आई भांडतेय!" श्रीकांत म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

*

भांडण रंगलंय म्हणून आम्ही पलीकडून ब्रेड घेऊन आलो, तर ठेला उठलेला आणि आई गायब! इंग्लिश येत नाही, फ्रेंच तर नाहीच. श्रीकांत पोलिसाकडे धावला. पोलिसाने विचारलं, ओळखायच्या कशा? "सर, देअर इज ओन्ली वन साडी इन धिस व्हिलेज!"

चर्चमागे एक व्हॅन उभी होती. आई आजीबाईंना पेट्या उचलून देत होत्या.

"आई!" श्रीकांत जवळजवळ रडलाच.

"ओरडतोस काय? ती पेटी धर. हिची सून माहेरी गेलीय, लेक ढुंकून बघत नाही, आणि गुडघे धरलेत बिचारीचे!"

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"बोलली की ती!"

परतताना कारमध्ये आईंचं तोंड मिटेना. शेवटी श्रीकांतने भीतभीत विचारलं, "आई, मग साताऱ्याचं तिकीट काढू?"

"थांब रे," आई म्हणाल्या. "आधी मला त्या भेंडीवाल्याशी बोलायचंय."