धारेला न जुमानणारा

नळदुरुस्तीवाल्याची एक खोड होती. कुणाच्याही घरात शिरला की आधी भिंतीला कान लावायचा. घरची बाई सांगत असायची, अहो, मोरीत पाणी साचतंय, आणि हा आपला भिंतीशी गुजगोष्टी करत उभा. मग एका जागी बोट ठेवून म्हणायचा, "इथं." फोडलं की खोट बरोबर तिथंच निघायची. त्यामुळे गिऱ्हाइकं त्याच्यावर खूश, आणि तोही स्वतःवर जरा जास्तच खूश. तुंबलेल्या पाइपावर त्याचा उपाय ठरलेला: वरून जोरात धार सोडायची. "पाण्यापुढं कुणाचं काय चालतंय?" हे वाक्य बायकोनं इतक्या वेळा ऐकलं होतं, की भांडी घासता घासता तीही ओठ हलवून त्याच्याबरोबर म्हणायची.

त्यांची लेक ठमी. वय चार, बोलणं आजीबाईचं. एके सकाळी ती संडासातून रडत बाहेर आली.

"बाबा, शू टोचते."

दर थोड्या वेळानं जायची, थेंबभर व्हायची, आणि वासही उग्र यायचा. बायको म्हणाली, "अहो, डॉक्टरांना दाखवू या."

"त्यात काय दाखवायचं? भरपूर पाणी पाजू, सगळं धुऊन निघेल. नळाचं काम मला शिकवतेस?"

"ती काय नळ आहे?"

"अगं, वाहणारं सगळं एकच असतं."

मग त्यानं खेळच मांडला. एक पेला ठमीचा, एक त्याचा, आधी संपवेल तो राजा. बाबा मुद्दाम हरायचा, ठमी टाळ्या पिटायची. टोचणं जरा कमी झालं, तसा हा छाती पुढं काढून हिंडायला लागला. बायको मात्र धुवायच्या आधी पोरीची चड्डी नाकाशी धरायची, आणि तिच्या कपाळावरची आठी काही जायची नाही.

एका दुपारी तो कुणाच्या तरी ओट्याखाली उताणा पडून काम करत होता, तेव्हा फोन आला. "अहो, ठमी थडथड उडतेय. या आधी!"

पाना तिथंच टाकून तो धावत सुटला. घरी पोर दोन पांघरुणांखाली कुडकुडत होती, दातावर दात आपटत होते आणि अंग तव्यासारखं भाजत होतं. पाजलेलं सगळं पाणी उलटून पडलं होतं.

"कुठं दुखतंय गं, माझे बाई?"

ठमीनं हात मागं नेला आणि बरगडीखाली, पाठीला एका बाजूला, बरोबर बोट ठेवलं. "इथं."

सवयीनं त्यानं तिथं कान लावला. आत काहीच कळेना, फक्त तिचं काळीज पाखरासारखं फडफडत होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी शूची जागा पुसून बाटलीत लघवी धरायला लावली, हाताला सुई लावून औषध सुरू केलं. हा कोपऱ्यात उभा. शेवटी धीर करून म्हणाला, "बाई, पाणी तर इतकं पाजलं होतं."

"पाणी चांगलंच हो. पण ते प्रत्येक जंतूला पुरं पडत नाही. असा त्रास देणारा जंतू आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असतो, तिथं गुण्यागोविंदानं राहतो. लघवीच्या वाटेत शिरला तरी साधा असेल तर धारेबरोबर निघून जातो. पण काहींच्या अंगावर बारीक केस असतात, त्यांनी ते आतली भिंत घट्ट धरतात. धरत धरत वर सरकतात. वर विषही सोडतात."

"धारेच्या उलटे?"

"उलटे. किडनीपर्यंत. ताप आणि पाठ बघता, पोचला असावा असं वाटतंय."

त्याला टाकीच्या जुन्या पाइपातला बुळबुळीत थर आठवला. कितीही जोराची धार सोडा, तो हलत नाही. मग पाइप खोलून तारेच्या ब्रशनं खरवडावा लागतो. लेकरू कुठून खोलणार?

"या औषधानं जंतू मरेल ना?"

"लघवीतला जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघतोय, कशानं मरतो ते. दोनेक दिवसांत कळेल. नाही मेला तर औषध बदलू. जितका उशीर, तितकी किडनीवर कायमचा व्रण राहायची भीती. दुखायला लागून किती दिवस झाले?"

बायको म्हणाली, "तीन." त्यापेक्षा तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला सोसलं असतं.

दुसऱ्या दिवशीही ताप हटेना. त्यानं पेला पुढं केला. ठमीनं तोंड फिरवलं. "बाबा, आज नाही खेळायचं." तो बाहेर जाऊन जिन्यात बसला. दाराचा आवाज झाला की उठून उभा राहायचा.

शेवटी डॉक्टरीणबाई आल्या. "तोच निघाला, चिकटणारा. पण आपलं औषध त्याला लागू पडतंय." संध्याकाळी ठमीचं कपाळ घामानं ओलं झालं आणि तिनं बिस्किट मागितलं. बाई म्हणाल्या, "व्रण राहिलाय का, ते काही महिन्यांनी तपासू. आणि यापुढं नुसता ताप आला तरी आधी लघवी तपासायची. घरी पाणी पाजत बसायचं नाही."

"ऐकलंत?" बायको म्हणाली. त्यानं मान हलवली. पण ते 'काही महिने' तो बोटांवर मोजत राहिला.

घरी आल्यापासून तो भिंतीऐवजी संडासाच्या दाराला कान लावतो.

"बाबा, तू बाहेर असलास की मला होत नाही."

"मी नाहीये इथं."

"मग बोलतंय कोण?"

आतल्या खोलीत बायको किती दिवसांनी हसली. तो जरासा मागं सरकला, श्वास धरून. धार लागली. आणि मध्येच थांबली.

तो पुन्हा दाराशी आला. "काय झालं गं? टोचलं?"

"नाही. मुंगी बघतेय. भिंतीवर आहे."

"कुठं चाललीय?"

"वर."

धार पुन्हा सुरू झाली, चांगली खळखळून. तरी तो दारावर हात ठेवून तसाच उभा राहिला.